धंद्याची वेबसाइट, पाटी आणि नाव : नागपूरच्या कारागिरांनो, इथे लिहा

होळी झाली की नागपुरात कूलरवाल्याची, प्लंबरची, वायरमनची शोधाशोध सुरू होते. पूर्वी ती पानठेल्यावर विचारून व्हायची, आता फोनवर होते. हातात कसब आहे, पण फोनवर नाव सापडत नाही, किंवा सापडतं ते बंद पडलेल्या नंबरासकट, असे कारागीर आपल्या शहरात पुष्कळ आहेत. हा धागा त्यांच्यासाठी. वेबसाइट, गुगल नकाशा, व्हॉट्सॲप, दुकानाची पाटी, बिलबुक यांपैकी जे तुम्ही स्वतः हाताळता तेवढंच लिहा. मापं, पायऱ्या, कुठे बिघडतं आणि का, हे हवं आहे. स्वतःची जाहिरात नको.

कूलर-एसी दुरुस्ती, मानेवाडा

सुरुवात गुगल बिझनेस प्रोफाइलपासून करा, म्हणजे गुगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी धंद्याची नोंद. ते फुकट आहे. ‘यादीत नाव ठेवायचे महिन्याला इतके’ असं कोणी फोनवर सांगत असेल तर तो गुगलचा माणूस नाही, पैसे देऊ नका.

नाव पाटीवर असेल तेच भरायचं. नावापुढे ‘बेस्ट कूलर एसी रिपेअर नागपूर’ अशी शेपटी लावणं नियमाविरुद्ध आहे. त्यापायी प्रोफाइल स्थगित होतं, आणि एप्रिलमध्ये झालं तर परत मिळेपर्यंत हंगाम हातचा जातो. धंद्याचा मुख्य प्रकार (कॅटेगरी) एकच निवडता येतो, जोडीला आणखी नऊ. मुख्य प्रकार नीट विचार करून निवडा, कारण शोधाशी जुळणी बरीचशी त्यावरून होते.

दुकान नसेल, घरोघरी जाऊन काम करत असाल तर पत्ता लपवायचा आणि सेवेचे भाग द्यायचे. जास्तीत जास्त वीस भाग देता येतात. पण वीसही भरले म्हणून सगळ्या शहरात वर दिसाल असं नाही. शोधाशी जुळणं, अंतर आणि नावलौकिक, या तीन गोष्टींवर क्रम ठरतो. मानेवाड्यातून जरीपटक्यात पहिल्या नंबरावर यायचा हट्ट सोडा. हुडकेश्वर, नरेंद्रनगर, मनीषनगर असा आपला टापू पक्का करा.

पडताळणी आता बहुतेक वेळा व्हिडिओने होते. एकाच दमात, न तोडता चित्रण करायचं : आधी रस्ता आणि शेजारची दुकानं, मग पाटी, मग किल्लीने कुलूप उघडणं, मग आतली हत्यारं आणि धंद्याच्या नावाचा एखादा कागद. आधार कार्ड, बँकेचा खाते क्रमांक, कोणाचे चेहरे त्यात नकोत. दुकान नसेल तर हत्यारांची पेटी, गॅस भरायचं मशीन, धंद्याचं नाव असलेली गाडी दाखवा. बहुतेकांचं अडतं ते एकाच जागी. पाटीवरचं नाव वेगळं आणि प्रोफाइलमधलं वेगळं.

सेवांची यादी तुकड्यांत लिहा. ‘कूलर दुरुस्ती’ एवढंच लिहून भागत नाही. वाळ्याच्या ताट्या बदलणे, पंप बदलणे, मोटर रिवाइंडिंग, टाकी गळती, प्रत्येक वेगळं. हे सगळं फेब्रुवारीतच. मार्चमध्ये मान वर करायला वेळ नसतो.

प्लंबर, प्रतापनगर

माझ्या मते एकट्या माणसाला वेबसाइटची गरज नाही. प्रोफाइल आणि व्हॉट्सॲप बिझनेस पुरतं. मात्र नंबर धंद्याचा वेगळा असावा, घरचा नको. व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगमध्ये पाचशेपर्यंत वस्तू बसतात, आपल्याला दहा-बारा कामं दरासकट टाकली तरी खूप. वेळेबाहेरचा आपोआप संदेश लावून ठेवा, त्यात ‘सकाळी ९ नंतर फोन करतो’ असं स्पष्ट लिहा. ब्रॉडकास्ट यादी (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) २५६ जणांची असते आणि ज्याने तुमचा नंबर साठवला आहे त्यालाच संदेश पोचतो. म्हणून काम संपलं की गिऱ्हाइकाला नंबर तिथल्या तिथे सेव्ह करायला सांगायचं.

जुना नंबर बदलला तर ते सिम निदान वर्षभर रिचार्ज करत राहा. जुन्या बिलांवर तोच असतो.

वेबसाइट करणारा, धरमपेठ

प्रतापनगरच्या दादांचं एका मर्यादेपर्यंत पटतं. पण प्रोफाइल दुसऱ्याच्या जागेत आहे. गुगलने प्रोफाइलसोबत दिलेल्या फुकट वेबसाइटी मार्च २०२४ मध्ये बंद केल्या, आणि ज्यांनी कार्डावर तोच पत्ता छापला होता त्यांची कार्डं वाया गेली. शिवाय बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्याचं, मोठ्या सोसायटीचं वार्षिक कंत्राट हवं असेल तर खरेदी विभाग स्वतःच्या नावाचा ईमेल आणि साइट बघतो.

डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पैशाने घ्या. या धाग्यातून एकच गोष्ट घेणार असाल तर ही घ्या. साइट करणाऱ्याच्या खात्यात डोमेन असलं आणि तो गाव सोडून गेला, की तुमचं नाव त्याच्यासोबत जातं. ‘डॉट इन’ला साधारण पाचशे ते हजार रुपये वर्षाला लागतात. पहिल्या वर्षाचा स्वस्त भाव बघून भुलू नका, नूतनीकरणाचा भाव विचारा. मुदत चुकली तर थोडे दिवस साध्या शुल्कात सुटतं, नंतर भुर्दंड भरून सोडवावं लागतं, आणि त्याहून उशीर झाला तर ते नाव कोणीही घेऊ शकतो. आपोआप नूतनीकरण चालू ठेवा आणि त्या खात्यातलं कार्ड मुदतबाह्य झालेलं नाही ना, ते पाहा. देवनागरीत ‘डॉट भारत’ही मिळतं, पण फोनवर सांगायला आणि ईमेलसाठी रोमन नाव सोपं जातं. नाव लहान, हायफनविना, एकाच स्पेलिंगने लिहिता येणारं असावं. ‘ऋ’, ‘ज्ञ’, ‘क्ष’ असलेल्या नावांची स्पेलिंगं तीन तऱ्हांनी होतात.

पानं पाचच्या वर नकोत : मुख्य, कामं, दर, फोटो, संपर्क. मुख्य पान फोनवर उघडताच, बोट न सरकवता तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत : काय करता, कुठे करता, फोनचं बटण. बटणात नंबर ‘+९१’सह घालायचा. व्हॉट्सॲपच्या दुव्यात मात्र अधिकचिन्ह आणि सुरुवातीचा शून्य चालत नाही, नुसतं ९१ आणि पुढे दहा आकडे. ही चूक मी हातात घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या साइटवर असते.

भागांची नावं लोक बोलतात तशीही यायला हवीत. सरकारी कागदावर सीताबर्डी, बोलण्यात नुसती ‘बर्डी’. कामठी रोमनमध्ये दोन प्रकारे लिहिली जाते. दोन्ही रूपं मजकुरात ओघाने येऊ द्या. पण प्रत्येक भागासाठी तोच मजकूर चिकटवून वीस पानं करू नका. गुगल अशा पानांना फसवी प्रवेशद्वारं मानून खाली ढकलतं.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे कुठल्याही फोनवर तसाच दिसणाऱ्या अक्षरांत. डीटीपीवाल्याकडून कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधला मजकूर उचलून साइटवर चिकटवला की अक्षरांची पार रांगोळी होते, कारण त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. आधी रूपांतर करा, मग ‘र्‍य’, ‘ळ’ आणि रफार डोळ्यांनी तपासा. फॉन्ट ‘मुक्ता’ (Mukta) किंवा ‘नोटो देवनागरी’ घ्या, दोन जाडीपुरताच, नाहीतर साध्या फोनवर पान उघडायला वेळ लागतो. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडं जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात.

फोटो १२०० पिक्सेल रुंद, वेबपी (WebP) या हलक्या फाइल प्रकारात, दीडशे केबीच्या आत.

फ्लेक्स-पाटी, महाल

अक्षराच्या एका इंचाला दहा फूट, असा अंदाज धरा. साठ फुटांवरून वाचायचं असेल तर निदान सहा इंची अक्षर. देवनागरीत माप शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत घ्या, मात्रा-उकार सोडून. नाहीतर सहा इंच मागितले आणि अक्षर चारच इंच निघालं असं होतं.

पाटी मराठीत हवीच, महाराष्ट्रात तो कायदा आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही तो लागू आहे, आणि मराठी अक्षर इतर भाषेतल्या अक्षरापेक्षा लहान चालत नाही.

पश्चिमेकडे तोंड असलेल्या साध्या फ्लेक्सचा लाल रंग आपल्या दोन उन्हाळ्यांत गुलाबी होतो. तिथे स्टार फ्लेक्स घ्या, किंवा एसीपी (ॲल्युमिनियमचा थर असलेल्या) पत्र्यावर उठावाची अक्षरं. एलईडीची पाटी असेल तर पॉवर सप्लाय बंद डब्यात कोंबू नका, हवा खेळू द्या. मे महिन्यात आधी तोच जळतो.

छपाईला देताना फाइल कोरलड्रॉमध्ये असेल तर अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे आकार करूनच द्या. नाहीतर छापणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट बदलतो आणि जोडाक्षरं सुटतात. कार्डाचं माप साडेतीन बाय दोन इंच, कापणीसाठी चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त, ३०० डीपीआय. व्हॉट्सॲपवरून आलेला लोगो पाटीला चालत नाही, दाबून आलेला असतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

कर सल्लागार, सदर

पाटीचा विषय निघालाच आहे तर जोड देतो. जीएसटी नोंदणी असेल तर क्रमांक प्रवेशाजवळच्या पाटीवर लावणं बंधनकारक आहे. कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असाल तर तेही पाटीवर लिहावं लागतं. नाव आणि लोगो ट्रेडमार्कला द्यायचा असेल तर दुरुस्ती आणि बसवणीच्या सेवा वर्ग ३७ मध्ये येतात. नोंदणी होण्याआधी गोलातला ‘आर’ वापरणं गुन्हा आहे, तोवर ‘टीएम’ वापरा. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची नोंदणी) सरकारी संकेतस्थळावर मोफत होते.

फॅब्रिकेशन, वाडी

फोटो. गेट-ग्रिलच्या धंद्यात गिऱ्हाईक आधी फोटोच बघतो. दुपारी १२ला काढलेला फोटो निरुपयोगी : पाइपवर पांढरे डाग, खाली काळी सावली. सकाळी ९च्या आत किंवा ५ नंतर काढा. एका कामाचे चार पुरे : आधीची जागा, वेल्डिंगनंतर घासलेला जोड जवळून, रेड ऑक्साइड मारलेलं, आणि बसवलेलं. ओळीत लिहा : ‘१६ गेज चौकोनी पाइप, १० बाय ५ फूट, सरकतं गेट’. त्या ओळीवरून भाव विचारणारा गंभीर आहे की नाही ते कळतं, आणि शोधातही तीच ओळ सापडते.

घरमालकाची परवानगी घ्या. घर क्रमांक आणि गाडीची नंबर प्लेट झाका. मूळ फोटोत जागेचं लोकेशन दडलेलं असू शकतं, साइटवर चढवण्याआधी ती माहिती काढून टाका. दुसऱ्याचे फोटो उचलू नका. गिऱ्हाईक ‘हेच दाखवा’ म्हणतो तेव्हा काय दाखवणार?

रंगकाम, नंदनवन

अभिप्राय काम संपलं त्याच दिवशी मागायचा. प्रोफाइलमधून अभिप्रायाचा दुवा मिळतो, त्याचा क्यूआर बिलाच्या कोपऱ्यात छापा. पण यूपीआयच्या क्यूआरपासून लांब, नाहीतर लोक चुकीचा स्कॅन करतात. ‘पाच तारे द्या’ म्हणू नका. ‘कोणतं काम केलं आणि कुठल्या भागात, एवढं लिहा’ म्हणा. सूट देऊन अभिप्राय घेणं नियमात बसत नाही. घरच्या मंडळींकडून एकाच दिवशी दहा लिहून घेतले तर ते गळतात, आणि मागाहून आलेल्या खऱ्यांवरही संशय येतो.

वाईट अभिप्रायाला दोन दिवसांत उत्तर द्या, तीन वाक्यांत : काय झालं, काय करणार, कधी येणार. गिऱ्हाइकाचा पत्ता, नंबर, उधारी तिथे काढायची नाही. ते उत्तर त्या एकट्यासाठी नसतं, पुढे वाचणाऱ्या प्रत्येकासाठी असतं.

धागा सुरू करणारा

सगळ्यांचे आभार. एक राहिलं : दर साइटवर लिहायचे की नाही? शेजारचा दहा रुपये कमी करतो अशी भीती सगळ्यांना असते.

कूलर-एसी दुरुस्ती, मानेवाडा

भेट शुल्क लिहायचंच, आणि काम दिलं तर ते बिलातून वजा होतं की नाही हेही. ठरीव कामांचा पक्का दर, बाकीच्यांचा ‘पासून’. सुटे भाग वेगळे, जीएसटी धरून की वगळून, आणि दर कोणत्या महिन्यापासूनचा, ते खाली. तांब्याचे भाव हलले की रिवाइंडिंगचा दर बदलतो, तेव्हा साइट, प्रोफाइल आणि कॅटलॉग तिन्ही एकाच दिवशी बदला. एका जागी जुना राहिला तर गिऱ्हाईक तोच दाखवतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

वेबसाइट करणारा, धरमपेठ

आणि दर महिन्याच्या १ तारखेला स्वतःच्या साइटवरचा फॉर्म दुसऱ्याच्या फोनवरून भरून बघा. फॉर्मचे ईमेल न सांगता स्पॅममध्ये जायला लागतात. डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी (ईमेल खरंच तुमच्या डोमेनवरून आल्याची खूण) नसल्या की हमखास. फॉर्ममध्ये चारच रकाने ठेवा : नाव, मोबाइल, भाग, अडचण. ईमेल सक्तीचा केला तर अर्धवट सोडून लोक निघून जातात.