झोपतानाची दुधाची बाटली कशी सुटली? तुमचे अनुभव लिहा

लेक साडेतीन वर्षांची आहे. दिवसभर पेल्यातून पाणी पिते, स्वतःच्या हातानं जेवते, चपलाही स्वतः घालते. रात्री मात्र दुधाची बाटली तोंडात असल्याशिवाय डोळा मिटत नाही. बाटली संपता संपता झोपते आणि कधी मध्यरात्री उठून पुन्हा मागते. "एवढी मोठी झाली तरी बाटली?" हे सगळेच विचारतात, पण पुढे काय करायचं ते कोणी सांगत नाही.

म्हणून हा धागा. ज्यांनी घरात हे खरोखर पार पाडलं आहे, त्यांनी सविस्तर लिहा. मूल किती वर्षांचं होतं, सुरुवात कुठून केली, कोणत्या रात्री जड गेल्या, बाटलीच्या जागी काय आलं? जमलं नसेल तर तेही लिहा, त्यातूनही कळतं. वर्षाच्या आतल्या बाळांचं इथे नको, त्यांचं पोषणच दुधावर असतं, तो विषय वेगळा.

* * *

आमच्याकडे पाणी वाढवत नेण्याचा मार्ग चालला. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता.

बाटलीवर मिलीच्या खुणा असतात ना, त्यांचाच आधार घेतला. आधी २४० च्या खुणेपर्यंत दूध असायचं. मग २१० पर्यंत दूध आणि वर पाणी. तीन-चार रात्री तसंच ठेवायचं, मग आणखी एक खूण खाली. निम्म्यापर्यंत त्याला पत्ताही लागला नाही. त्याच्या खाली गेल्यावर मात्र त्यानं बाटली दिव्याकडे धरली, हलवून पाहिली आणि विचारलं, "आई, हे दूध आजारी आहे का?"

मी खरं तेच सांगितलं. दूध सकाळी आणि संध्याकाळी, रात्री पाणी. तो रडला, पण ते रडणं थोड्या वेळाचं होतं. नुसतं पाणी यायला लागल्यावर दोन घोट घेऊन बाटली स्वतःच बाजूला ठेवायला लागला. मध्यरात्रीचं मागणं तर त्याच्या आधीच थांबलं होतं, पाण्यासाठी उठावंसं त्याला वाटत नसावं.

एक मात्र पाळा. मूल जेवत असेल, वजन नीट वाढत असेल तरच हे करा. आणि बाळाचं पावडरचं दूध कधीही असं पातळ करू नका.

* * *

मी बाबा आहे, आमच्या घरी झोपवण्याचं काम माझ्याकडे असतं.

आम्ही दूध बंद केलं नाही, त्याची जागा बदलली. आधीचा क्रम असा होता : कपडे बदलायचे, दात घासायचे, दिवा बंद, बाटली. नवा क्रम असा : दूध जेवणानंतर टेबलापाशी, दिवा चालू असताना, पेल्यातून. मग दात. मग गोष्ट. मग दिवा बंद. दूध आणि झोप यांच्यामध्ये आम्ही मुद्दाम दोन कामं घातली. तिला दूध नाकारलं जात नव्हतं, त्यामुळे भांडायला कारणच उरलं नाही.

ज्याची कल्पना नव्हती ते वेगळंच निघालं. बाटली पिताना ती एका हातानं बाटली धरायची आणि दुसऱ्या हातानं माझ्या कानाची पाळी चोळायची. बाटली गेली आणि तिचा तो एक हात रिकामा झाला. पहिले काही दिवस तो हात नुसता अंथरुणावर फिरत राहायचा, चादर ओढायचा, उशी चाचपायचा. शेवटी तिनं दोन्ही हातांनी माझा कान धरला आणि झोपली. माझं मत सांगतो, मुलाच्या पोटापेक्षा हाताकडे आणि तोंडाकडे बघा. त्यांना काय द्यायचं हे आधी ठरवलं तर निम्मं काम होतं. कापडी ससा, मऊ रुमाल, आईबाबांचा हात, काहीही चालेल.

* * *

मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर आहे, आणि दोन मुलांची आईही. त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहिते.

दुधात लॅक्टोज ही साखर असते. तोंडातले जंतू ती वापरतात आणि आम्ल तयार करतात. दिवसा लाळ ते आम्ल धुऊन काढते, पण झोपेत लाळ खूप कमी सुटते आणि दूध दातांभोवती साचून राहतं. म्हणून तेच दूध दिवसा पेल्यातून प्यायलं तर फारसं बिघडत नाही आणि रात्री बाटलीतून रेंगाळत प्यायलं तर बिघडतं. दुधात साखर घातलेली असेल तर आणखी लवकर.

किडण्याची सुरुवात बहुधा वरच्या पुढच्या दातांपासून होते. खालचे पुढचे दात जिभेनं झाकलेले असतात आणि त्यांच्याजवळ लाळेच्या ग्रंथी उघडतात, म्हणून ते बरेचदा वाचतात. आज रात्रीच मुलाचा वरचा ओठ हलकेच उचलून बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी निस्तेज रेघ दिसली तर ती पहिली खूण. त्या टप्प्यावर बाटली थांबली, फ्लोराइडची पेस्ट सुरू झाली, तर दात अजून सावरू शकतो. तपकिरी डाग किंवा खड्डा पडला की ते आपोआप भरून येत नाही. पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर वाटाण्याएवढी पुरते. दात घासून झाल्यावर फक्त पाणी.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. आडवं पडून बाटली पिणाऱ्या मुलांना कान दुखण्याचा त्रास जास्त होऊ शकतो. घसा आणि मधला कान जोडणारी नळी लहानपणी आखूड आणि जवळजवळ आडवी असते, दूध तिकडे सरकू शकतं.

बाटली १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान सोडवावी असा बालरोगतज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला असतो. तुमचं मूल त्याच्या पुढे गेलं असेल तर घाबरू नका. माझ्याकडे चार-पाच वर्षांची मुलंही येतात, आणि त्यांच्याशी बोलता येतं हा मोठा फायदा आहे.

* * *

एका रात्रीत सोडली. मुलगी तीनची होती, निपल चावून चावून फाटलं होतं. तुकडा घशात जाईल म्हणून बाटली तिच्या देखत टाकून दिली आणि नवी आणली नाही. दोन रात्री खूप रडली, तिसऱ्या रात्री झोपली. प्रत्येकाला हे झेपेल असं नाही, आम्हाला झेपलं.

* * *

आमच्या मुलाचा मुद्दा दातांचा नव्हता, रक्ताचा होता. दोन वर्षं उलटली होती, रात्री झोपताना एक आणि मध्ये दोन-तीन बाटल्या, दिवसाही दूधच. जेवायला बसला की तोंड फिरवायचा. चेहरा पांढुरका दिसायला लागला, खेळताना लगेच बसून घ्यायचा. तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघालं. डॉक्टरांनी औषधाच्या आधी एकच प्रश्न विचारला, चोवीस तासांत किती दूध जातं? आम्ही बाटल्या मोजल्या तेव्हा लिटरच्या जवळ आकडा गेला.

त्यांनी समजावलं ते असं. दुधात लोह फार थोडं असतं, आणि भरपूर दुधानं पोट भरलेलं असलं की ज्या जेवणातून लोह मिळायचं ते जेवण मागे पडतं. दुधातलं कॅल्शिअमही लोह शोषलं जाण्यात आडवं येतं. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ४८० ते ६०० मिली दूध पुरतं. आम्ही आधी मध्यरात्रीच्या बाटल्या काढल्या, एकेक करून, शेवटी झोपतानाची. लोहाचं औषध वेगळं चालूच होतं. सर्वांत आधी बदल कुठे दिसला असेल तर सकाळी. उठल्या उठल्या भूक लागली म्हणून रडला, आणि मला त्या रडण्याचा इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

* * *

मी आजी. नातू दिवसा माझ्याकडे असतो, रात्री आईबाबांकडे. सूनबाईंनी रात्रीची बाटली बंद करायची ठरवली तेव्हा तिनं मला आधी बसवून सगळं सांगितलं, हे मला फार आवडलं. कारण दुपारी झोपताना मी बाटली देत राहिले असते तर तिची रात्रीची मेहनत वायाच गेली असती. पोराला कसं समजणार, इथे मिळते आणि तिथे का नाही?

मग दुपारचीही आम्ही एकाच दिवशी थांबवली. मी पाठीवर हात फिरवत एकच ओवी म्हणायची, रोज तीच. घरात जितकी माणसं मुलाला झोपवतात त्या सगळ्यांनी एका वाक्यावर यावं, एवढंच मला सांगायचं आहे. "बाटली संपली, आता पेला." हेच वाक्य, सगळ्यांच्या तोंडी. आणि मुलासमोर त्यावर वाद नको.

* * *

आमचा प्रयत्न अर्ध्यावर थांबला होता. धाकटं बाळ घरी आलं आणि चार वर्षांच्या थोरलीनं सोडलेली बाटली पुन्हा मागितली. बाळाला सगळं मिळतंय आणि आपलंच काढून घेताहेत, असं तिला वाटत होतं. आम्ही तिला बाटली दिली, पण पाण्याची, आणि ती पिताना कुशीत घेऊन बसलो. काही महिन्यांनी बाळ रात्री थोडं स्थिरावल्यावर पुन्हा विषय काढला. तोवर तिचं तिलाच बाटलीचं अप्रूप उरलं नव्हतं. नवं भावंड, नवं घर, शाळेची सुरुवात, आजारपण, यांच्या आसपास हे काम काढू नका असं मी कळकळीनं सांगेन.

* * *

माझा मुलगा स्वमग्न आहे, पाच वर्षांचा. इथले बरेच उपाय आमच्याकडे लागू पडले नसते, म्हणून लिहिते. त्याला एकाच रंगाची, एकाच आकाराची बाटली लागायची. दूधही ठरावीक कोमटच. एका रात्रीत काढून घेतली असती तर दूध पिणंच थांबलं असतं, आणि त्याचं खाणं आधीच मोजक्या पदार्थांवर होतं.

आमच्या थेरपिस्ट ताईंनी सांगितलं, एका वेळी एकच गोष्ट बदला. म्हणून आधी जागा बदलली : तीच बाटली, तेच दूध, पण पलंगाऐवजी खुर्चीवर. ते अंगवळणी पडायला बराच काळ गेला. मग निपलच्या जागी त्याच बाटलीवर बसणारं स्ट्रॉचं झाकण. इथे तो अडला. झाकण बोटानं चाचपायचा, ओठाला लावायचा, परत द्यायचा. आम्ही घाई केली नाही, दिवसा खेळण्यांत ते झाकण नुसतं ठेवलं. भिंतीवर चित्रं लावली : खुर्ची, दूध, ब्रश, पलंग. तो स्वतः प्रत्येक चित्रावर बोट ठेवून पुढे जातो.

सध्या आम्ही स्ट्रॉपर्यंत आलो आहोत, साधा पेला अजून बाकी आहे. दात घासल्यानंतर मात्र आता तोंडात दूध जात नाही. अशा मुलांच्या पालकांनी पेल्यापर्यंतचा टप्पा कसा गाठला, ते कोणी लिहिलं तर मला फार हवं आहे.