‘जुनं सोंग परत घेतलं’ हे बरोबर आहे का?

टिळकवाडीकर: भाचीला एका कॉमिकची गोष्ट मराठीत लिहून द्यालोय. मार्वलची एमा फ्रॉस्ट. 1980 ला आली तेव्हा हेलफायर क्लब या दुष्टांच्या टोळीची व्हाइट क्वीन, पक्की व्हिलन, मग 1994 पासून म्युटंट म्हणजे जन्मतःच अचाट शक्ती असलेल्या पोरांना शिकवणारी बाई, पुढं एक्समेन या चांगल्या म्युटंटांच्या गटामध्ये, आणि 2019 ला परत व्हाइट क्वीन. मी लिहिलं ‘सुधारलेल्या खलनायिकेनं जुनं सोंग परत घेतलं’. भाची म्हणाली मामा, सोंग म्हणजे खोटं, मग शाळेतली बाई खोटी का ही राणी खोटी? अडकलो बघा.

वडगावची सून: आधी ते ‘सुधारलेली’ काढा वो. आमच्या सासूबाई सुधारली म्हणजे दुखण्यातून उठली असंच धरतात.

पुणेरी पाहुणा: ‘पुढं’ नव्हे, ‘पुढे’. आणि व्हिलन कशाला, खलनायिका आहे की. खल म्हणजे दुष्ट, शुद्ध संस्कृत.

वडगावची सून: संस्कृतात खल म्हणजे मळणीचं खळं पण होतंय, आणि आमच्या मागावर सुताला लावतात ती खळ. खळनायिका म्हणजे कांजी लावून कडक केलेली बाई 😄

पुणेरी पाहुणा: ही व्युत्पत्ती नव्हे, थट्टा आहे.

खानापूरकर: सरळ ‘मूळ पदावर आली’ लिहा की. राणीपद तेच, म्हणून शब्दशः पण बसतंय.

टिळकवाडीकर: बसतंय, खरं त्यात ती परत वाईट झाली असा वास येतोय. तसं नाही. 2019 मध्ये नाव जुनंच, काम मात्र म्युटंट लोकांच्या बाजूचं, जहाजं पाठवून अडकलेल्यांना सोडवून आणायचं.

अथणीचा: म्हणजे पाटी जुनी, दुकान नवीन. आमच्या जिल्ह्याचं उलटं, 2014 ला पाटी बेळगावी झाली, आम्ही अजून बेळगावच म्हणालोय. माझं मत ‘ये रे माझ्या मागल्या, ताक-कण्या चांगल्या’.

पुणेरी पाहुणा: ही म्हण कुचेष्टेची आहे, राणीला कशी लावणार?

खानापूरकर: कुचेष्टा कसली, ताक-कण्या काय वाईट असतात काय? आमच्यात तांदळाच्या, वर लसणाची फोडणी.

अथणीचा: तांदळाच्या कण्या म्हणजे आजाऱ्याचं जेवण. कण्या जोंधळ्याच्याच.

टिळकवाडीकर: अवो भाची वही घेऊन बसलीय, एक शब्द द्या की.

वडगावची सून: जोंधळ्याच्या असतील तर रात्रीच भिजत घालाव्या लागतात काय वो?