घसादुखी, स्ट्रेप्टोकोकस आणि अपुरे औषध

प्रश्न (वेंगुर्ले): माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला घशाच्या स्ट्रेप्टोकोकस या जंतूच्या संसर्गासाठी डॉक्टरांनी दहा दिवसांचे पेनिसिलिन दिले आहे. तिसऱ्याच दिवशी ताप उतरला, तरी गोळ्या चालू ठेवाव्यात का? शिवाय लहानपणी न्यूमोकोकसची लस दिलेली असताना हा जंतू कसा आला?

उत्तर (रत्नागिरी, सूक्ष्मजीवशास्त्राची प्राध्यापिका): ताई, ती लस स्ट्रेप्टोकोकस न्यूमोनिए (म्हणजेच न्यूमोकोकस) या जंतूविरुद्ध आहे, घसा सुजवणारा स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस हा त्याच कुळातला असला तरी वेगळा, आणि त्यावर अजून लस उपलब्ध नाही. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिबेका लान्सफील्ड यांनी ज्याचा आयुष्यभर अभ्यास केला, त्या या जंतूच्या पृष्ठभागावरील एम प्रथिनाचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत, आणि त्यातील काही भाग हृदयाच्या ऊतींशी मिळतेजुळते असल्यामुळे लसीमुळे शरीराने स्वतःच्याच हृदयावर हल्ला करू नये म्हणून लस बनवणाऱ्याला फार जपून पावले टाकावी लागतात.

उत्तर (मालवण): कृपया गोळ्या थांबवू नका. माझ्या धाकट्या भावाचे औषध अर्धवट राहिले, पुढे संधिवाताचा ताप (घशाच्या या संसर्गानंतर सांधे आणि हृदयाला सूज आणणारा आजार) आला आणि हृदयाची झडप बिघडली. आता त्याला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते.

प्रश्नकर्ती: घरात अझिथ्रोमायसिन शिल्लक आहे, पुढच्या वेळी ते चालेल का?

प्राध्यापिका: स्वतःहून देऊ नका. पेनिसिलिन या जंतूवर आजही प्रभावी आहे, मात्र अझिथ्रोमायसिनला दाद न देणारे वाण अनेक देशांत आढळले आहेत.