पडलेल्या गड्याला लाथ : ब्लड बोलमधले फाऊल तुम्ही कसे झेलता?

संभाजीनगरात आमचा छोटा कंपू ब्लड बोल खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गेम्स वर्कशॉपने 1986 साली काढलेला हा पटावरचा खेळ. अमेरिकन फुटबॉल, पण मैदानात ऑर्क, एल्फ, गॉब्लिन असले कथांमधले जीव. 26 बाय 15 चौकटी, दोन्हीकडून 11-11 गडी, अर्ध्या डावात आठ टर्न. आणि आडव्या पडलेल्या गड्याला लाथ घालणं चक्क नियमात बसतं, दर टर्नला एकदा. दोन फासे टाकायचे, चिलखत फुटलं तर दुखापतीसाठी पुन्हा दोन. कुठेही जोडी पडली की रेफरीने पाहिलं असं समजायचं: लाथ घालणारा बाहेर, टर्नही संपला.

परवा यावरून आमच्यात चांगलंच वाजलं. एक दोस्त म्हणाला, हा रडीचा डाव. मला पटत नाही. रडीचा डाव म्हणजे फासा टेबलाखाली गेल्यावर "सहाच होता" म्हणून उठणं. पण समोरचा दर टर्नला लाथा घालतच सुटला, तर तुम्ही काय करता? प्रसंगासकट लिहा.

नांदेडहून

माझा संघ वुड एल्फांचा, म्हणजे लाथा खाण्यासाठीच जन्मलेला. त्यातल्या वॉरडान्सरचं, म्हणजे माझ्या हुकमी गड्याचं, चिलखत 8+, म्हणजे दोन फाशांची बेरीज 8 किंवा जास्त आली की फुटतं. एकट्याने लाथ घातली तर ते 36 पैकी 15 वेळा फुटतं. शेजारी दोन मदतनीस आणून उभे केले की 6 पुरतो, म्हणजे 36 पैकी 26. तेव्हा धास्ती लाथेची कमी, मदतनिसांची जास्त.

मागच्या डावात माझा वॉरडान्सर स्टन होऊन पालथा पडला. स्टन झालेला गडी पुढच्या टर्नला उठत नाही, नुसता उताणा होतो. समोरचा ऑर्कवाला हात चोळत बसलेला. मी चेंडू सोडून दिला आणि जवळपासच्या एकेका ऑर्कला माझा एकेक लाइनमन (साधा गडी) चिकटवला. चिकटलेल्या गड्याची मदत मोजली जात नाही, आणि सुटायचं तर त्याला डॉज, म्हणजे निसटण्याचा फासा, टाकावा लागतो. त्याने टाकला, ऑर्क तोंडावर आपटला, टर्न गेला. माझे एल्फ तिथे ताटकळले आणि टचडाऊन (चेंडू पलीकडच्या टोकाला नेऊन मिळणारा गुण) हुकला हे खरं, पण वॉरडान्सर पुढच्या सामन्याला धडधाकट होता. लीगमध्ये मला तेच जास्त मोलाचं वाटतं.

लातूरहून

आमचा गॉब्लिनवाला दोस्त लाच घेऊनच बसतो. बाकीच्या बहुतेक संघांना रेफरीची लाच खेळातल्या 1,00,000 नाण्यांना पडते, गॉब्लिनांना 50,000 ला. फाशावर 1 सोडून काहीही येऊ द्या, रेफरी डोळे झाकतो. (इथं निदान दर तरी छापलेला असतो!) "काय करलालास रे, सगळा पैसा लाचंतच?" म्हटलं की दात काढतो.

त्यावर माझा उतारा असा. चेनसॉवाला (यांत्रिक करवतवाला) गॉब्लिन चेंडूचा एक फेर संपला की बाहेर जातोच. त्याला ठेवायचं तर बहुतेक वेळा लाच तिथेच खर्च करावी लागते. म्हणून मी टर्न मोजत बसत नाही, पटकन टचडाऊन करून फेर संपवतो. दोनदा असं झालं की लाच संपते, मग उरलेल्या लाथा त्याला भीत भीत घालाव्या लागतात.

बीडहून

फाऊलचं काय घेऊन बसलात, कडेच्या चौकटीत उभं राहू नका आधी. बाहेर ढकललं की प्रेक्षक बडवतात, चिलखताचा फासाच नाही, थेट दुखापत. माझे जास्त गडी तिथेच गेलेत.

जालन्याहून

मी भाच्यासोबत खेळते. पोरगा कबड्डीतला. पहिल्यांदा मी लाथ घातली तेव्हा तोंड एवढंसं करून म्हणाला, "मावशी, पडलेल्याला कामून मारलं?" मी त्याला हिशोब मांडून दाखवला. माझा गॉब्लिन 40,000 चा, त्याचा वॉरडान्सर तिपटीहून महाग. तो गेला आणि त्यापायी माझा गॉब्लिन रेफरीने काढला, तरी सौदा माझाच. आता तोच माझ्यावर लाथा घालतो, आणि तेही चेंडूवाला माझा गडी मोकळा सोडून. घाल म्हणते बाबा. लाथ घालायला आलेला गडी बचावातून कमी झालेला असतो, मी तिकडून टचडाऊन नेते.

परभणीहून

आमचं मैदान फ्लेक्सचं. वाढदिवसाचा जुना बॅनर उलटा करून मागे पेनाने चौकटी आखल्यात, उजेडात धरला की एका भावी नगरसेवकाचा गॉगल दिसतो. गडी म्हणजे सोड्याची बुचं.

धागाकर्त्याशी सहमत, लाथांचा राग नाही. राग येतो फासा घाईने उचलणाऱ्याचा. त्यासाठी आम्ही स्टीलची परात आणली. परातीत पडला तोच फासा, काठाला तिरका टेकला तर पुन्हा टाकायचा, आणि समोरच्याने आकडा मोठ्याने म्हटल्याशिवाय उचलायचा नाही. तेव्हापासून भांडणं जवळजवळ बंद. आवाज तेवढा फार होतो, रात्री आई बाहेर येऊन परात मागते.

धागाकर्ता

परात उद्याच आणतो. नांदेडकर, मदतनिसांना गडी चिकटवताना तुमचे स्वतःचे गडी मार खातात त्याचं काय? ऑर्कांशेजारी एल्फ उभे ठेवायची माझी छाती होत नाही. जमलं तर पट मांडून फोटो टाका.