अनुभव धागा : दस्त नोंदला, पण मालकी मिळाली का?

माळरान
शेजारच्या काकांनी काल गुंठेवारीतल्या एका भूखंडाचे कागद दाखवून सल्ला विचारला आणि आत्याचा जुना व्यवहार आठवला. तिने निवृत्तीच्या पैशांतून जमीन घेतली, ती केवळ साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) आणि कुलमुखत्यारपत्रावर (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद). विक्रेता वारला आणि त्याच्या मुलांनी व्यवहारच नाकारला. साधे मुखत्यारपत्र लिहून देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. आपल्या घरांत असे काय घडले ते कृपया लिहा.

निंबोणी
खरेदीखत नोंदवूनही प्रश्न सुटतोच असे नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतात, विकणाऱ्याची मालकी निर्दोष असल्याची हमी ते देत नाहीत. माझ्या दिरांनी वडिलोपार्जित जमीन दोन भावांकडून रीतसर घेतली, मुद्रांक शुल्क भरले, फेरफारही (महसूल दप्तरी नावाची नोंद) झाला. नंतर त्या भावांच्या बहिणींनी वाटपाचा दावा लावला, कारण दस्तावर त्यांच्या सह्याच नव्हत्या. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः समान हक्क मिळाला आणि त्यासाठी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये नक्की केले. २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या विक्रीला संरक्षण आहे, पण दिरांचा व्यवहार त्यानंतरचा. बहिणींचा राग मला पूर्ण समजतो. दिरांची अवस्था मात्र बघवत नाही.

पाऊलवाट
वाचून पोटात गोळा आला. आम्ही पाहिलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे आहे. दलाल म्हणतात, आधी टोकन द्या, वर्ग नंतर बदलून मिळतो.

जुना_लेखनिक
ताई, टोकन मुळीच देऊ नका. वर्ग २ म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेली जमीन. ती इनामाची, शासनाने दिलेली किंवा कुळकायद्याने मिळालेली असू शकते, आणि कोणत्या अटीवर मिळाली हे जुन्या फेरफारांतच कळते. परवानगी, लागू असल्यास नजराणा (शासनाकडे भरायची रक्कम), हे सर्व विक्रेत्याने खरेदीखतापूर्वी पूर्ण करायचे असते. अटींचा भंग झाला तर जमीन सरकारजमाही होऊ शकते. ‘इतर हक्क’ हा रकानाही ओळीओळीने वाचा. बँकेचा बोजा, कुळाचे नाव, पुनर्वसनाचा शेरा तिथेच असतो, आणि बहुतेक जण क्षेत्र व नाव पाहून कागद मिटतात. शिवाय शेतजमीन असेल, तर कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे घेणारा शेतकरी असावा लागतो किंवा तशी परवानगी लागते.

सांजवेळ
जमिनीचे चालू आहे, तरी सदनिकेबद्दल लिहिते. मामेभावाने ‘ताबा मिळेपर्यंत हप्ता आम्ही भरू’ या योजनेत घर घेतले. कर्ज मामेभावाच्या नावावर, रक्कम थेट विकासकाच्या खात्यात. काम थांबले, विकासकाने हप्ते भरणे सोडले आणि बँकेने वसुलीसाठी मामेभावालाच गाठले, कारण बँकेचा करार त्याच्याशी होता. घर नाही, भाडे सुरू, पतनोंद खराब. रेरा (घरबांधणी प्रकल्पांवर नियमन ठेवणाऱ्या) कायद्यानुसार नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ताबा रखडल्यास व्याजासह परतावा मागता येतो. त्याने महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार केली, आदेशही बाजूने लागला. पण आदेश हातात असणे आणि पैसे खात्यात येणे यांत फार अंतर आहे.

करवंद
परदेशस्थ भारतीयाकडून घर घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. निवासी विक्रेता असेल, तर ५० लाख रुपये किंवा अधिक किमतीवर १ टक्का करकपात असते, हे अनेकांना ठाऊक असते. विक्रेता अनिवासी असेल, तर ही मर्यादाही नाही आणि दरही बराच जास्त असतो. कमी कापला, तर वसुली खरेदीदाराकडून होते. बहिणीच्या व्यवहारात विक्रेत्याने निवासी असल्याचे सांगितले होते. सुदैवाने सनदी लेखापालांनी आधीच चौकशी केली.

निंबोणी
माळरान, आत्यांना जमीन मिळाली का?

माळरान
मिळाली, पण वारसांना पुन्हा मोठी रक्कम देऊन सर्वांच्या सह्यांचे खरेदीखत करावे लागले.

पाऊलवाट
टोकन थांबवले आहे. जुने फेरफार कुठे मिळतील?

जुना_लेखनिक
अनेक जिल्ह्यांचे ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर आहेत. तिथे न सापडल्यास तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा, आणि गट क्रमांकासोबत जुना सर्व्हे क्रमांकही अवश्य लिहा.