यूडीपी ५१४ वर सर्व्हर खरंच ऐकतोय का, हे बाहेरून कसं तपासायचं?

काटाघर:
नमस्कार मंडळी. मी साखर कारखान्यात कॉम्प्युटरचं काम बघतो. हंगाम जोरात आहे आणि वजनकाट्यावरचा पीसी रात्री मध्येच नेटवर्कमधून उडतो. अर्ध्या मिनिटात परत येतो, पण तेवढ्यात पावती अडकते आणि मागे ट्रॅक्टरांची रांग गेटापर्यंत जाते. स्विचच्या (सगळ्या नेटवर्क केबली जोडणाऱ्या डब्याच्या) नोंदी एका जागी जमवाव्यात म्हणून ऑफिसातल्या जुन्या पीसीवर उबुंटू टाकलं, आरसिसलॉगच्या (नोंदी गोळा करणाऱ्या सेवेच्या) फाइलमधल्या आयएमयूडीपीच्या, म्हणजे यूडीपी पद्धतीने आलेल्या नोंदी घेणाऱ्या भागाच्या, दोन ओळींपुढचं # काढलं, सेवा पुन्हा चालू केली, फायरवॉलमध्ये सिसलॉगचा (अशा नोंदी पाठवायच्या पद्धतीचा) पोर्ट ५१४ उघडला. स्विचमध्ये या पीसीचा पत्ता दिला. तरी फाइलमध्ये स्विचची एक ओळ येत नाही.

लॅपटॉपवरून टेलनेट ५१४ (टीसीपी पद्धतीने जोडणारी आज्ञा) केलं तर लगेच ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. मग यूडीपीने पोर्ट तपासणारं ‘एनसी -व्हीझेडयू’ दिलं तर ‘सक्सीडेड’. खात्रीसाठी आरसिसलॉग बंद करून तेच परत दिलं, तरीही ‘सक्सीडेड’! ऐकणारं कोणीच नसताना हे कसं? यातलं खरं काय मानायचं?

शेलवाला:
आधी सर्व्हरवरच बघा, बाहेरून नंतर. ‘सुडो एसएस -एलयूएनपी’ द्या, कोण कुठल्या पोर्टवर ऐकतंय ते दिसेल. यूडीपीत ‘लिसन’ शब्द शोधू नका, तिथे ‘अनकॉन’ दिसतं आणि तेच बरोबर आहे. ५१४ च्या आधी ०.०.०.० असेल तर नेटवर्कवरून आलेलं घेतोय, १२७.०.०.१ असेल तर फक्त त्याच मशीनवरचं. सुडो (प्रशासकाचे अधिकार) लावाच, नाहीतर शेवटच्या रकान्यात प्रोग्रॅमचं नाव येत नाही.

पॅकेट_तपासनीस:
सेवा बंद करून पुन्हा तपासलंत हे फार चांगलं केलंत. बरेच जण पहिल्या ‘सक्सीडेड’वर थांबतात आणि मग दोन दिवस भलतीकडे शोधत बसतात. तुमचं उत्तर त्या दोन चाचण्यांतच आहे.

टीसीपीत हाक मारली की पलीकडून ओ येते किंवा नकार येतो. यूडीपीत दोन्ही नाही. त्याचा मूळ दस्तऐवज, १९८० चा आरएफसी ७६८, जेमतेम तीन पानांचा आहे. पॅकेट पाठवलं की संपलं, पोच मिळण्याची सोयच त्यात नाही. पोर्टवर कोणी नसेल तर समोरचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आयसीएमपीचा, म्हणजे नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारा, एक निरोप परत पाठवतो, ‘पोर्ट अनरीचेबल’, प्रकार ३ कोड ३. एनसी एकेका बाइटची काही पॅकेटं पाठवतो आणि हा निरोप येतो का ते बघतो. नाही आला की ‘सक्सीडेड’ लिहून मोकळा. त्याच्या ‘सक्सीडेड’चा अर्थ एवढाच, की कोणी ‘नाही’ म्हटलं नाही.

आता तुमचं बघू. आरसिसलॉग बंद असताना ‘पोर्ट अनरीचेबल’ यायलाच हवा होता. आला नाही, म्हणजे वाटेत कोणीतरी पॅकेट गिळतंय. उलट टेलनेटला नकार ताबडतोब आला. टीसीपी ५१४ वर ऐकणारं कोणी नाही, तरी नकार तुमच्यापर्यंत पोचला, म्हणजे टीसीपीची वाट मोकळी आहे. दोन्ही एकत्र धरा: फायरवॉलमध्ये ५१४ उघडलाय, पण टीसीपीचा. ‘सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस’ (यूएफडब्ल्यू म्हणजे उबुंटूचा फायरवॉल) देऊन काय येतं ते इथे टाका.

सर्व्हरवर ‘सुडो टीसीपीडंप -एनआय एनी यूडीपी पोर्ट ५१४’ हेही लावा, मशीनवर येणारी पॅकेटं ते दाखवतं. स्विचची पॅकेटं त्यात दिसतील असा माझा अंदाज आहे. पण दिसली म्हणून ती आत शिरली असं समजू नका. टीसीपीडंप येणारं पॅकेट फायरवॉलच्या आधीच उचलतो. हे मला ठाऊक नव्हतं तेव्हा एका गिऱ्हाइकाकडे अख्खी रात्र मी स्विचच्या सेटिंगमध्ये शोधत काढली, आणि सकाळी त्यांची शाखा उघडली तरी हातात काही नव्हतं. म्हणून आता पहिल्यांदा हेच सांगतो.

काटाघर:
सर, अगदी तेच निघालं. एसएसमध्ये ०.०.०.०:५१४ आणि आरसिसलॉगडी, व्यवस्थित. टीसीपीडंपमध्ये स्विचची पॅकेटं धडाधड येतायत. आणि यूएफडब्ल्यूमध्ये ‘५१४/टीसीपी अलाउ’. टीसीपी मीच लिहिलं होतं, दुसऱ्या नियमावरून नक्कल करताना. ५१४/यूडीपी केल्यावर फाइल भरायला लागली. आता सेवा बंद करून एनसी चालवलं तर ‘सक्सीडेड’ येत नाही.

पॅकेट_तपासनीस:
छान. टीसीपीचा नियम काढून टाका आणि यूडीपीचा फक्त स्विचच्या पत्त्यापुरता ठेवा. यूडीपीत पाठवणाऱ्याची ओळख पटवायची सोय नाही, त्यामुळे खुला ठेवला तर कोणीही त्या फाइलमध्ये काहीही लिहू शकेल.

दालन_क्र_३:
पुढे कोणाला लागेल म्हणून लिहितो. पोर्ट तपासणाऱ्या एनमॅपचं ‘-एसयू’ (यूडीपी चाचणी) निदान खोटा दिलासा देत नाही, उत्तर नाही आलं तर ‘ओपन|फिल्टर्ड’ म्हणतं. पण सगळे पोर्ट तपासायला जाऊ नका. लिनक्स असे आयसीएमपी निरोप मोजूनमापून सोडतो. सेकंदाला एक धरला तरी ६५,५३६ पोर्टांना १८ तासांवर लागतात.

खात्रीचा उपाय म्हणजे सेवेला तिच्याच भाषेत विचारणं. डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला) डिग, एसएनएमपीला (उपकरणांची स्थिती सांगणाऱ्या सेवेला) एसएनएमपीगेट. सिसलॉग कधीच उत्तर देत नाही, म्हणून ‘लॉगर -डी -एन’ पुढे सर्व्हरचा पत्ता आणि एखादी ओळखू येईल अशी ओळ पाठवा, आणि ती फाइलमध्ये उतरली का ते बघा. काही सेवा मुद्दाम गप्प असतात. वायरगार्ड (व्हीपीएन) ५१८२० वर ऐकत असतो, पण योग्य किल्लीशिवाय आलेल्या पॅकेटाला उत्तरच देत नाही. एसएनएमपीला चुकीची कम्युनिटी (तिचा परवलीचा शब्द) दिली तरी तीच शांतता. तिथे बाहेरून कितीही ठोका, एसएसशिवाय कळणार नाही.

काटाघर:
दोन रात्रींच्या नोंदी जमल्या. पोर्ट ७, म्हणजे काट्याचा पीसी, डाउन आणि अप, डाउन आणि अप. त्या वेळा वजनपावत्यांच्या वेळांशी लावून बघितल्या. दर वेळी भरलेली ट्रॉली काट्यावर चढल्याच्या क्षणी. आज सकाळी प्लॅटफॉर्मच्या कडेची फरशी उचलली. केबल लोखंडी कडेखाली दबलेली, वरचं आवरण फाटून आतल्या तारा उघड्या. नवीन केबल पाइपातून वरून ओढली. दुपारपासून पोर्ट ७ ची एकही ओळ नाही.