आमचा शेप्या आंबा मरायला टेकलाय, त्याचं कलम होईल का?

परसदार_दापोली:
नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात आमचं घर, मी डोंबिवलीला असतो, गावी आई आणि काका. परसात एक जुना रायवळ म्हणजे गावठी आंबा आहे, पिकला की शेपूसारखा वास येतो म्हणून घरात सगळे शेप्या म्हणतात. फळ लहान, बाठा (कोय) मोठा, धागे भरपूर, बाजारात कोणी घेणार नाही पण कोयाड्याला (पिकल्या आंब्यांची रस्साभाजी) आणि साठांना (उन्हात वाळवलेली आंबापोळी) आम्हाला दुसरा आंबा चालतच नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात त्याची मोठी फांदी खोडाची साल ओरबाडत खाली आली, त्या जखमेत पाणी मुरत राहिलं आणि आता खोडकिडा आत शिरलाय, बुंध्याशी रोज भुसा पडतो. यंदा एकाच बाजूला पालवी होती, आंबे लागले जेमतेम 40. काका म्हणतात बाठे रुजत घाल, तेच झाड परत येईल. खरंच येईल का? आईने बाठे धुवून उन्हात ठेवलेत. प्लीज लवकर सांगा, मी पुढच्या शनिवारी गावी जातोय.

कलमवाला_लांजा:
दादा, पहिलं म्हणजे आईंना आत्ता फोन करा आणि बाठे उन्हातून उचलायला सांगा. आंब्याचा बाठा सुकला की रुजत नाही, सावलीत ठेवा आणि शक्य तितक्या लवकर वाफ्यात घाला.

काकांचं म्हणणं मात्र बरोबर नाही. रायवळाच्या मोहरावर आजूबाजूच्या सगळ्या आंब्यांचे पराग येतात, बाठ्यातून येणारं झाड शेप्याचं पोर असेल, शेप्या नाही. काही जातींत एका बाठ्यातून दोन-तीन कोंब येतात आणि त्यातले बरेचसे आईसारखे निघतात, पण त्या भरवशावर राहू नका. बाठ्यांची रोपं खुंटासाठी म्हणजे खालच्या मुळाच्या भागासाठी वापरा आणि वर काडी शेप्याचीच बांधा, म्हणजे कोय कलम. जून ते ऑगस्ट हवेत दमटपणा असतो तोच ह्याचा काळ.

आता काडीचं. मरत्या झाडावर खरी अडचण इथेच येते. काडी तीन-चार महिन्यांची, हिरवट-करडी, शेंड्याचा डोळा फुगलेला पण उमललेला नाही अशी पाहिजे. जिथे पालवी आली म्हणताय त्याच बाजूला बघा, शेंडा काळा पडलेली किंवा वाळत चाललेली घेऊ नका. कापायच्या आधी 8-10 दिवस त्या काडीची पानं कापून फक्त देठ ठेवायचे, त्याने डोळा फुगतो. म्हणजे बाठ्यांची रोपं बांधायला तयार व्हायच्या तेवढे दिवस आधी पानं काढा, मग काड्या. जुन्या झाडाच्या काड्या बारीक निघतात, त्याने घाबरू नका, तेवढ्याच जाडीचं कोवळं रोप निवडा. रोप तांबूस पानांवर असताना, रुजून 10-15 दिवसांत, बाठ्याच्या वर चार बोटं ठेवून छाटा, मधोमध चीर द्या, काडीला पाचर करून बसवा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधा. साल सालीला एका बाजूने तरी मिळालीच पाहिजे.

पहिल्या वर्षी एक जरी लागलं ना तरी झाड वाचलं समजा, पुढच्या काड्या त्या कलमावरूनच मिळतात.

वाडीतली_सून:
आमच्या सासऱ्यांनी असाच एक आंबा भेट कलमाने उतरवला होता. झाडाला माच बांधला, रोपांच्या कुंड्या वर चढवल्या आणि फांदी झाडावरच ठेवून रोपाला जोडली, वर रोज पाणी न्यायला लागायचं, दोन-अडीच महिने. मेहनत खूप आहे पण काडी आईच्याच अंगावर असते म्हणून लवकर सुकत नाही. खालची एखादी फांदी हाताशी येत असेल तर दोन तशीही करा.

माडाची_सावली:
आणि शेप्याला सोडून देऊ नका हो. भोकात तार घालून अळी बाहेर ओढा, मग रॉकेलचा बोळा कोंबून चिखलाने तोंड लिंपा. फाटलेली जखम खरवडून बोर्डो पेस्ट लावा, 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद लोखंडी बादलीत भिजवू नका. बांडगूळ असेल तर तेही छाटा. झाड वाचेल असं म्हणत नाही, पण आणखी एक पालवी मिळाली तर काड्या मिळतील.

परसदार_दापोली:
सप्टेंबरात परत लिहितोय. तुम्ही सगळ्यांनी सांगितलेलं केलं. आईला फोन केला तेव्हा थोडे बाठे सुकले होते, बाकीच्यातून 26 रोपं आली. काड्या केळीच्या सोपात (खोडाच्या ओल्या सालीत) गुंडाळून गावातल्या कलम बांधणाऱ्या काकांकडे नेल्या, त्यांनी 18 बांधली, 7 जगली. पहिल्यांदा लाल पानं दिसली तेव्हा आईने मला व्हिडिओ कॉल लावला आणि बोललीच नाही काही, नुसता फोन रोपांसमोर धरून बसली. शेप्याची ती एक बाजू अजून हिरवी आहे. दोन कलमं गुहागरला आत्याकडे जाणार, सगळी एकाच परसात ठेवायची नाहीत असं ठरवलंय. आता काळजी काय घेऊ?

कलमवाला_लांजा:
वा दादा, मन भरलं. सांध्याच्या खालून फुटवा आला की लगेच खुडा, नाहीतर खुंटच वाढतो आणि काडी मरते. पट्टी सांधा पक्का भरल्यावरच सोडा, विसरलात तर ती खोडात रुतते. जमिनीत पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला लावा, पण शेप्याच्या सावलीत नको.

वाडीतली_सून:
एक माझ्यासाठी ठेवाल का? आमच्या त्या आंब्याच्या काड्या पुढच्या जूनमध्ये घेऊन येते, तुमच्या परसात बांधा.

परसदार_दापोली:
ताई, ठेवलं. आई म्हणतेय जेवायलाच या.